इस्कुस, डुक्कर आणि बाबांचा हात

बाबा आम्हाला मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्या हातच्या जेवणाचं कौतुक करणार आहे आणि ऐकणाऱ्याला वाटायला नको की माणूस सगळाच गोड होता. मला मारायचे, धाकटीला मारायचे, आईला मारायचे. बहुधा हातानं, कधी पट्ट्यानं. कारण लागायचंच असं नाही. दार जोरात लागलं, ताट हातातून सटकलं, कोणी मागून येऊन उभं राहिलं, एवढंही पुरायचं. त्यांचा डावा कान लढाईत गेला होता. त्या बाजूनं आलेलं माणूस त्यांना कळायचं नाही, आणि कळलं की हात आधी उठायचा.

ते संस्थानच्या फौजेत जमादार होते. त्यांचे वडील त्याच फौजेत, आजोबाही त्याच फौजेत. दख्खनमधून आलेल्या कुठल्या तरी शिलेदाराचे आम्ही वंशज, असं घरात सांगायचे. नेमकं कुठलं गाव ते कोणालाच सांगता यायचं नाही. मोठ्या लढाईत त्यांची पलटण आसामच्या पलीकडे ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेली आणि तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले, एक तो कान आणि दुसरं इस्कुस.

इस्कुस म्हणजे हिरवट, पेरूएवढं, खाली चिरा पडलेलं फळ. दात नसलेल्या म्हाताऱ्यानं तोंड मिटावं तसं दिसतं. आत एकच बी, आणि ते फळाच्या पोटातच कोंब धरतं. बाबांनी असं एक कोंबाचं फळ ट्रंकेत मोज्यांत गुंडाळून आणलं आणि आमच्या परसात विहिरीशेजारी, कडुलिंबाच्या सावलीत पुरलं. सगळे हसले. ग्वाल्हेरच्या उन्हात काय डोंगरातलं रोप जगणार? वेल उन्हाळ्यात जळून जायचा आणि सगळे म्हणायचे, गेला. पावसाळ्यात तो बुडातून परत फुटायचा आणि कार्तिकात फळं लोंबायला लागायची. गल्लीतल्या बायका त्याला जमादारांचं परदेशी दोडकं म्हणायच्या.

आम्ही किला गेटजवळ राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावर घरमालक एकटे राहायचे. ते संस्थानच्या एका सरकारी देवळाचे पुजारी, सगळे त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. मांस त्यांच्या घरात शिजणं शक्यच नव्हतं, पण बाबा सरकारच्या फौजेतले जमादार म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. परसाच्या टोकाला, भिंतीपलीकडे धूर जाईल अशा जागी, तीन दगड मांडून शिजवायचं. भांडी घरात आणायची नाहीत. आईला ते बरंच होतं. तिनं आयुष्यात कधी डुक्कर खाल्लं नव्हतं आणि त्या कढईला ती हात लावायची नाही.

डुक्कर म्हणजे रानडुक्कर. बाबांचा पलटणीतला एक जुना सोबती खेड्यात शेती करायचा. डुकरं त्याचं पीक उकरायची, तो बंदुकीनं मारायचा, आणि एक मागचा पाय पोत्यात घालून आमच्याकडे पाठवायचा. पोत्यातून रक्त ठिबकत असायचं. बाबा तो पाय लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून कोयत्यानं तोडायचे. हाड तुटल्याचा आवाज गल्लीपर्यंत जायचा. तोंडावर, हातावर, बनियनवर रक्ताचे थेंब उडायचे, आणि त्या वेळी बाबांचा चेहरा इतका शांत असायचा की आम्ही दोघी बहिणी अगदी जवळ जाऊन बसायचो. एरवी त्यांच्या इतक्या जवळ बसायची आमची छाती नव्हती.

करायला काही फार नसायचं. चरबीचे तुकडे आधी लोखंडी कढईत टाकायचे, तेल नाही. चरबी सुटली की तिच्यात ठेचलेला लसूण, आल्याच्या काड्या आणि अख्ख्या लाल मिरच्या. मग मांसाचे बारीक तुकडे, जाळ मोठा, हात थांबवायचा नाही. मांस कडेनं तांबूस झालं की इस्कुसाच्या पातळ फोडी आणि मीठ. पाणी घालायचं नाही, झाकण ठेवायचं नाही. फोड दाताखाली कचकन मोडली पाहिजे. "मऊ पडलं की ते आजाऱ्याचं जेवण," असं बाबा म्हणायचे. मसाला नाही, खोबरं नाही. आमच्याकडे रोज भाकरी असायची, पण त्या दिवशी बाबांना भातच लागायचा. ते स्वतः वाढायचे. त्या दिवशी कोणाला मार बसायचा नाही. आम्हा दोघींना हे इतकं पाठ झालं होतं की पोतं आलेलं दिसलं की आम्ही मोठ्यानं बोलायला लागायचो.

मग संस्थान विलीन झालं. मी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत पेढे वाटले, झेंडा लावला. घरात मात्र बाबा आणि आई दबक्या आवाजात बोलायचे. संस्थानची फौज मोडून तिच्यातली निवडक माणसं मोठ्या फौजेत घेणार होते. डॉक्टरांसमोर उभं राहायचं, धावून दाखवायचं, मग यादी लागायची. बाबा धावण्यात तरण्यांच्या बरोबरीनं आले. डॉक्टरांनी डाव्या कानाशी घड्याळ धरलं आणि विचारलं, "ऐकू येतं?" बाबांना प्रश्नच ऐकू आला नाही.

यादी लागली त्या दिवशी ते मुरारच्या छावणीतून चालत घरी आले. गणवेश काढला, त्याची पितळी बटणं एकेक करून कातरली आणि विहिरीत टाकली. आई दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, तरी तिला मारलं.

चार दिवसांनी सोबत्याकडून पोतं आलं. त्याला यादीचं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी परसात दगड मांडले, जाळ केला. आई त्या दिवशी पहिल्यांदाच जवळ येऊन बसली, कढईपासून हातभर अंतरावर. मला वाटतं तिला बाबांवर नजर ठेवायची होती. चरबी सुटून तडतडत होती. मी लसूण सोलत होते.

शास्त्रीबुवा जिन्यावरून खाली आले. त्यांचंही मन ठिकाणावर नव्हतं, हे मला आता कळतं. त्यांचं देऊळ सरकारी, आणि सरकारच राहिलं नव्हतं. त्यांची नेमणूक राहणार की जाणार, कोणी सांगत नव्हतं. ते विहिरीपाशी थांबले.

"जमादार, हे आता बंद करा."

बाबा कढईकडे बघत होते. बुवा त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते.

"जमादार, मी तुमच्याशी बोलतोय. फौज होती तोवर चालवून घेतलं. फौज गेली. आता ही थेरं माझ्या घरात नकोत."

हे बाबांना ऐकू आलं. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, वर जा."

"घर माझं आहे."

"वर जा म्हणतो ना."

बुवांनी विहिरीच्या काठावरची भरलेली बादली उचलली आणि जाळावर ओतली. त्यांना जाळ विझवायचा होता. पण ते म्हातारे, बादली जड. अर्धं पाणी कढईत गेलं. उकळत्या चरबीत पाणी पडल्यावर काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कढई फुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळी चरबी वर उसळून आईच्या मानेवर, खांद्यावर आणि उजव्या हातावर आली. आई किंचाळली नाही.  तिच्या हाताची कातडी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली आणि सैल पडली.

बाबांनी चुलीतलं अर्धवट विझलेलं लाकूड ओढलं आणि शास्त्रीबुवांना मारलं. एकदा नाही. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा त्यांनी वर धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा होता. बुवा खाली पडले तरी बाबा मारत होते. लाकडाच्या ठिणग्या त्यांच्या धोतरावर पडत होत्या. मी ओरडत होते, धाकटी ओरडत होती, गल्लीतली माणसं भिंतीवरून उड्या टाकून आली. तिघांनी बाबांना धरलं तेव्हा कुठे ते थांबले. थांबल्यावर त्यांनी आधी कढईकडे पाहिलं, मग आईकडे.

पोलीस आले. त्यांनी बाबांना सलाम केला आणि मग घेऊन गेले. "चलिए जमादार साहब, रिपोर्ट तो लिखनी पड़ेगी," असं त्यातला एक जण अगदी अदबीनं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. शास्त्रीबुवांनी चौकीवर सांगितलं होतं की आपण जिन्यावरून पडलो. फौजदारानं दोनदा विचारलं, तरी त्यांनी तेच सांगितलं. त्यांच्यामुळे एक बाई भाजली होती, आणि ते त्यांना चौकीच्या कागदावर नको होतं, असं लोक म्हणायचे. खरं काय ते त्यांनाच माहीत.

आई खाटेवर पडून होती. मानेला आणि हाताला लेप, वर फडकं. बाबा आत येऊन उभे राहिले तेव्हा ती उठून बसली. इतका वेळ त्यांच्याशी सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"वर बुवा एकटे आहेत. उजवा हात मोडलाय, पाणी काढता येत नाही. दोन दिवस शेजारचे देतायत. उद्यापासून तुम्ही काढून द्या."

"मी?"

"तुम्हीच. अंघोळीचं, पिण्याचं, सगळं. त्यांचा हात बरा होईपर्यंत."

"ते माझ्या हातचं पाणी घेतील?"

"नाही घेतलं तर ओतून द्या आणि परत काढा. आणि अजून एक. कोयता आणि सुरी मी ट्रंकेत ठेवलीय, किल्ली माझ्याकडे आहे. यापुढे ते मांस शिजलं तर माझ्या हातनं शिजेल. तुम्ही जाळाजवळ बसायचं नाही."

मला वाटलं आता तिला मार बसणार. मी धाकटीला मागे ओढलं. बाबा बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी घेऊन वर गेले. शास्त्रीबुवांनी ते घेतलं नाही. बाबांनी ती कळशी जिन्यावर ओतली, खाली आले, दुसरी काढली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी वरून बुवांचा आवाज आला, "अंघोळीचं तिथे ठेवा. पिण्याचं सोवळ्यात लागतं." बाबा खाली आले, अंघोळ केली, ओला पंचा नेसून कुडकुडत कळशी घेऊन वर गेले. पौषातली ग्वाल्हेरची थंडी. दोन महिने ते हे करत होते. त्या दोघांत त्या दोन महिन्यांत बोलणं काय झालं असेल मला माहीत नाही. जिन्यावरून फक्त कळशी टेकल्याचा आवाज यायचा.

आईचा हात बरा झाला, पण कोपरापासून खाली कातडी चुणीची राहिली आणि दोन बोटं पुरती सरळ व्हायची नाहीत. पुढचं पोतं आलं तेव्हा तिनं ट्रंक उघडली. वर शास्त्रीबुवांनी परसाकडची खिडकी लावून घेतली. डुक्कर तोडताना तिला दोनदा ओकारी आली. प्रत्येक वेळी ती बाजूला जाऊन आली आणि परत तोडायला बसली. बाबा दहा पावलं लांब, पडवीच्या पायरीवर. तिथून ते सांगत होते, ती करत होती.

"आता लसूण. जळू देऊ नकोस."

"हे तुम्हाला शिकवलं कोणी?" आईनं विचारलं. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

बाबांनी सांगितलं. डोंगरातला एक शिपाई होता, दुसऱ्या पलटणीतला, तिकडचाच. त्याला खेड्यातून डुक्कर मिळवता यायचं आणि इस्कुस तर तिकडे कुंपणावर लोंबतं. तो त्यांच्या खंदकामागे कढई चढवायचा. एक दिवस तो असाच मांस परतत होता आणि बाबा शेजारी भाताचं पाणी काढत होते. तोफगोळा पडला. बाबांच्या डाव्या बाजूला तो शिपाई होता. बाबांचा कान गेला आणि त्याचं डोकं गेलं. उडालेली माती कढईत पडली होती, पण कढई दगडांवर तशीच होती.

"मग?" आई म्हणाली. तिचा हात थांबला होता.

"हात थांबवू नकोस, लागेल ते," बाबा म्हणाले. "मग काय. दोन दिवस आमच्या पोटात काही नव्हतं. आम्ही माती काढली आणि खाल्लं. तो तिथेच पडला होता."

आईनं इस्कुसाच्या फोडी टाकल्या. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा ते खाल्लं. दोनच घास खाल्ले, पण खाल्ले.

हे बोलून टाकल्यावर बाबा बदलले असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते बदलले नाहीत. त्यांना सरकारी गोदामावर चौकीदाराची नोकरी मिळाली आणि आम्ही ग्वाल्हेरमध्येच थाटीपूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो. तिथे एकसारख्या घरांच्या रांगा, शेजारी बाबू लोक, सगळीकडे हिंदी. धाकटी तर घरातही हिंदीत बोलायला लागली. बाबांना ते खपायचं नाही. आईवर त्यांचा हात पूर्वीइतका उठत नव्हता, पण आम्हा दोघींवर उठायचा.

मी चौदा वर्षांची असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस, सुट्टीची दुपार. आईनं डुकराची कढई चढवली होती, आता घरातच, स्टोव्हवर. तिची बोटं दुखत होती म्हणून परतायचं काम माझ्याकडे होतं. बाबा जेवायला बसले होते, धाकटी त्यांच्या डाव्या बाजूला पाटावर. तिचा पहिला भात झाला होता. बाबा तिला आणखी वाढायला लागले तेव्हा ती म्हणाली, "बस ना, अब नहीं खाना मुझे," आणि ताटावर हात आडवा धरला. तो हात बाबांच्या मनगटाला लागला.

त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उलट्या हातानं मारलं. धाकटी पाटावरून खाली गेली, तिचं तोंड उंबऱ्यावर आपटलं आणि समोरचा दात अर्धा मोडून जमिनीवर पडला. अकरा वर्षांची पोर. बाबा परत मारायला वाकले.

माझ्या हातात लोखंडी कालथा होता, कढईतून नुकताच काढलेला. मी तो त्यांच्या कपाळावर मारला. विचार केला नाही असं मी म्हणणार नाही, केला होता. डाव्या बाजूनं गेले, कारण तिकडून मी येतेय हे त्यांना कळणार नव्हतं. पूर्ण ताकदीनं मारला. कातडी चरचरली, भुवईच्या वर फाटली आणि रक्त डोळ्यात, गालावर, भातावर पडलं. मला आठवतं, मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा मी कालथा उचलला तेव्हा आईनं मागून माझं मनगट धरलं, त्या वाकड्या बोटांनी.

"पुरे," ती म्हणाली.

बाबा बसूनच होते. त्यांनी कपाळाला हात लावला, रक्त बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मला वाटलं आता ते मला मारून टाकतील. आईनं माझ्या हातातून कालथा काढून घेतला, हळद आणली, त्यांच्या जखमेत दाबून भरली आणि फडकं बांधलं. मग धाकटीला मोरीत नेऊन चूळ भरायला लावली. परत आल्यावर तिनं रक्ताचं ताट उचललं, दुसरं मांडलं आणि विचारलं, "भात वाढू?"

बाबांनी मान हलवली. ते जेवले. आम्ही तिघी भिंतीला टेकून त्यांना जेवताना बघत होतो.

त्यानंतर त्यांनी घरात कोणावरही हात उचलला नाही. मेहेरबानी म्हणून की भीती म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. माझ्याशी मात्र ते बोलायचे बंद झाले. "तिला सांग पाणी आणायला," असं आईला सांगायचे, मी समोर उभी असले तरी. मध्यंतरी परत राज्यांची मोडतोड झाली, कचेऱ्या भोपाळला गेल्या, थाटीपूरच्या निम्म्या क्वार्टरांसमोर ट्रक लागले. बाबांचं गोदामही हललं. ते गेले नाहीत, नोकरी सोडली. त्या काळात ते दिवसभर घरात असायचे आणि तरी एक शब्द नाही.

माझं लग्न उज्जैनच्या घरात ठरलं. सासरची माणसं चांगली होती, शाकाहारी होती. निघायच्या दिवशी दुपारी मी सगळ्यांच्या पाया पडले. बाबांच्या पाया पडून उठले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्याकडे येताना मी मान आत घेतली. सवयीनं. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तिथे कोणी हात उचलला तर," ते म्हणाले.  त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "घरी ये. मी आहे."

मी हो म्हणाले. रडू आलं नाही, म्हणून आत्यांनी नावं ठेवली. बाहेर टांगा उभा होता. धाकटीनं माझी ट्रंक उचलून ठेवली आणि हसली, मोडक्या दातासकट. आई दारात होती. टांगा वळेपर्यंत बाबा तिच्या शेजारी उभे होते, उजवा कान रस्त्याकडे करून.